हौदाच्या काठावरचा बाप

[दृश्य: पहाटेचे खासबाग मैदान. रिकाम्या पायऱ्या, मधोमध तांबडी माती.]

कोल्हापुरात कुस्तीचे मैदान आणि नाटकाचे थिएटर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे आहेत. १९०२ साली विलायतेच्या दौऱ्यावर गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी वाटेत रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्याच धर्तीवर बांधून घेतलेले खासबागचे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर सुरू झाले, ज्याला आज आपण संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. एका भिंतीच्या अलीकडे निकाल कोणालाच माहीत नसतो आणि पलीकडे तो लेखकाने आधीच लिहून ठेवलेला असतो. आपल्या मुलांना स्वतः शिकवून मैदानात उतरवणाऱ्या आईबापांवर अलीकडे जे चित्रपट निघाले, ते पाहताना ही भिंत वारंवार आठवते.

[दृश्य: तालमीचा आतला भाग. मंद उजेड, हनुमानाची तसबीर, फावड्याने माती ओढणारे हात.]

तालमीतला दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मऊ केलेली कुस्तीच्या हौदातली माती आधी फावड्याने उकरायची, मग तीवर माथा टेकायचा आणि त्यानंतर जोर, बैठका, लढती. पोरगा पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, वाकला आणि त्याची मान खाली गेली, तर वस्ताद काही बोलत नाहीत. हातातल्या छडीचे टोक त्याच्या हनुवटीखाली धरतात आणि मान वर येईपर्यंत ते तिथून हलवत नाहीत. गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढली जाते, त्या वेळेपर्यंत इथल्या पोरांच्या अंगावरची माती घामाने काळी पडलेली असते.

या साऱ्यात बाप कुठे असतो? तो उंबऱ्याबाहेर असतो. शिरोळ, कागल, राधानगरीहून पहिली एसटी पकडून तो तुपाचा डबा आणि बदामाची पिशवी घेऊन येतो, वस्तादांच्या पाया पडतो, पोराकडे एकदा नजर टाकतो आणि दुपारच्या गाडीने परततो. पोराला कोणता डाव शिकवायचा, कोणाबरोबर सोडायचा, कधी मैदानात उतरवायचा, यांत त्याने बोलायचे नसते. खुराक बापाचा आणि पट्ठा वस्तादांचा, ही तालमीतली जुनी वाटणी आहे, आणि आमच्या मते ती फार शहाणपणाची आहे. कारण सकाळी हौदात ज्याने आपल्याला चितपट होताना पाहिले, त्याच माणसासमोर बसून रात्री भाकरी खाण्याची वेळ तिने पोरांवर येऊ दिली नाही.

खाशाबा जाधवांची सुरुवात वडिलांच्याच हाताखाली झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचे दादासाहेब जाधव स्वतः मल्ल होते आणि धाकट्या खाशाबाला त्यांनी पाचव्या वर्षापासून माती लावली. पण ते सुरुवातीचे शिक्षण होते. पुढे वस्ताद आले, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधला सहावा क्रमांक आला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. एका मुलाला घडवायला घराबाहेरची इतकी माणसे लागली, आणि महत्त्वाचे म्हणजे ती भेटली.

[दृश्य: तालमीचा उंबरा, बाहेरून. दार अर्धे लोटलेले.]

मुलींना मात्र ती भेटत नव्हती. ब्रह्मचर्याच्या आणि हनुमानाच्या नावाने चालणाऱ्या तालमीत स्त्रीने पाऊल ठेवायचे नाही, हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी सर्वांना पाठ होता. १९५० च्या दशकात हमिदा बानू ही उत्तर प्रदेशातली मल्ल पुरुषांशी कुस्त्या खेळत देशभर फिरत होती. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि दगड मारले, असे तिच्याविषयीच्या वृत्तांतांत नोंदवलेले आहे. कुस्तीचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या या शहराने हीही नोंद वाचायला हवी. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली, जी प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. मधल्या बासष्ट वर्षांत ज्या बापाला मुलगी मल्ल व्हावी असे वाटले, त्याने तिला कोणत्या वस्तादांकडे सोडायची होती?

हरियाणातल्या बलाली गावच्या महावीरसिंग फोगट यांच्यासमोरही हाच प्रश्न होता. ते स्वतः दिल्लीत मास्टर चंदगीराम यांच्या आखाड्यात शिकलेले. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने वेटलिफ्टिंगमध्ये पदक मिळवले, २००४ पासून महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, आणि आपल्या मुली हे करू शकतील असे या माणसाने मनाशी धरले. त्यांनी घरीच आखाडा केला, मुलींचे केस कापले, त्यांना मुलांशी लढवले. गीता आणि बबिता यांच्या पाठोपाठ रितू आणि संगीता, तसेच भावाच्या मुली प्रियांका आणि विनेश याही त्याच आखाड्यात तयार झाल्या. गीताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि २०१२ मध्ये ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल झाली.

या कुटुंबावरचा २०१६ चा हिंदी चित्रपट कोल्हापुरात कुस्तीवाल्यांनी पाहिला नाही असे घर सापडणे कठीण. त्यात अंतिम लढत शेवटच्या क्षणापर्यंत ताणली जाते, मुलगी मागे पडते, आणि घड्याळ संपता संपता पाच गुणांची फेक करून एका गुणाने जिंकते. दरम्यान प्रशिक्षकाच्या कारस्थानाने बापाला एका खोलीत कोंडलेले असते. प्रत्यक्षात बापाला कोणी कोंडले नव्हते, आणि ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडविरुद्धची ती लढत गीताने १-०, ७-० अशी सलग दोन फेऱ्यांत सहज संपवली होती. जाणत्याला विचाराल तर ७-० ही फेरीच अधिक पाहण्यासारखी. समोरच्याला श्वासही न घेऊ देणारी कुस्ती ही वर्षानुवर्षांच्या पहाटेची कमाई असते. पण भिंतीपलीकडच्या नाटकाला एकतर्फी कुस्ती चालत नाही.

आमची तक्रार मात्र त्या फेकीविषयी नाही, खोलीविषयी आहे. चित्रपटाने बंद दार दाखवले खरे, पण चुकीच्या जागी. ते दार स्पर्धेच्या दिवशी एका दुष्ट माणसाने लावलेले नव्हते. ते वर्षानुवर्षे गावोगावच्या तालमींनी लावून ठेवलेले होते, आणि ते बंद होते म्हणूनच बापाला वस्ताद व्हावे लागले. ही गोष्ट बाजूला पडली की उरतो तो नुसता बापाचा हट्ट, आणि मग प्रेक्षक त्या हट्टाला टाळ्या तरी वाजवतो किंवा नावे तरी ठेवतो.

[दृश्य: टेनिसचा टणक कोर्ट, भेगा पडलेला. चेंडूंनी भरलेली बाजारहाटाची ढकलगाडी.]

कुस्तीशी काडीचा संबंध नसलेल्या टेनिसमध्येही हेच आढळते. अमेरिकेतल्या कॉम्प्टन या वस्तीत रिचर्ड विल्यम्स यांनी व्हीनस आणि सेरेना या मुलींना सार्वजनिक कोर्टांवर शिकवले, कारण गोऱ्या श्रीमंतांच्या क्लबांत त्यांना स्थान नव्हते. मुली जन्मण्याआधीच त्यांनी योजना लिहून काढली होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या आई ऑरेसीन प्राइस याही कोर्टावर उभ्या राहून शिकवत होत्या, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. १९९१ मध्ये हे कुटुंब फ्लोरिडातल्या अकादमीत गेले आणि तिथे या बापाने एक अनपेक्षित निर्णय घेतला: मुलींना कुमार गटाच्या स्पर्धांतून काढून घेतले. पोरगा तयार होण्याआधी त्याला जत्रेच्या मैदानात उतरवू नये, असे आपले वस्ताद म्हणतात, ते याहून वेगळे नाही.

या कुटुंबावरचा २०२१ चा इंग्रजी चित्रपट एका पराभवावर संपतो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्याच ओकलंड इथे चौदा वर्षांच्या व्हीनसने पहिल्या व्यावसायिक स्पर्धेच्या दुसऱ्या सामन्यात अरांता सांचेझ व्हिकारियो या मातब्बर खेळाडूविरुद्ध पहिला सेट ६-२ असा जिंकला, दुसऱ्यात ३-१ अशी आघाडी घेतली, आणि त्यानंतर ती पुढचे ३-६, ०-६ असे दोन्ही सेट गमावून बसली. ते तसेच ठेवण्याचे धैर्य त्या लेखकाने दाखवले. खासबागेत बरोबरीत सुटलेल्या तासाभराच्या कुस्तीलाही लोक उभे राहून दाद देतात. त्यांना हा शेवट हिंदी चित्रपटातल्या त्या फेकीपेक्षा जवळचा वाटावा.

[दृश्य: पंचगंगेकाठचे गाव. गोठ्याला लागून पत्र्याची शेड, आत निळी मॅट.]

करवीर तालुक्यातल्या एका गावात गोठ्याला लागून असलेल्या या शेडमध्ये एक शेतकरी आपल्या दोन मुलींना कुस्ती शिकवतो. त्यांची नावे आम्ही सांगणार नाही. मुली अजून शाळेत आहेत. तो स्वतः मातीतला, मॅटवरचे गुण तो मोबाइलवर लढती पाहून शिकला. थोरलीला एकलंगी डाव दाखवताना त्याचा गुडघा करकरतो, तेव्हा धाकटी तोंडावर हात ठेवून हसते आणि थोरली तिच्याकडे डोळे वटारते. आता शहरात मुलींसाठी प्रशिक्षक आहेत, वसतिगृहे आहेत. थोरलीला तिथे पाठवायचे त्याने ठरवले आहे, तारीख मात्र तो दर महिन्याला पुढे ढकलतो. कारण विचारले की म्हैस गाभण आहे असे सांगतो.

जिल्हा स्पर्धेच्या दिवशी मॅटच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाळेचे क्रीडाशिक्षक बसले होते आणि तो गॅलरीत होता, मांडीवर दोघींच्या चपलांची पिशवी घेऊन. थोरली दोन गुणांनी हरली. तो काही ओरडला नाही. फक्त तिच्या डाव्या पायाकडे पाहत हवेत हात फिरवत राहिला, जणू तो पाय त्याला तिथूनच उचलून नीट जागी ठेवायचा होता.

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर तिघे होते. स्टेडियमपासून रंकाळ्यापर्यंत तो पट कसा उशिरा निघाला हेच सांगत होता. शेवटी मागून धाकटी म्हणाली, "आबा, आता बास करा की."

तो गप्प झाला. फुलेवाडीच्या पुढे उसाच्या रसाच्या गाड्यावर त्याने गाडी थांबवली, तिघांसाठी रस सांगितला, आणि ग्लास हातात येईपर्यंत कसाबसा थांबून थोरलीला म्हणाला, "पाय आधी आत टाकायचा होतास."

[दृश्य: रसाच्या चरकात जाणारा ऊस. घुंगरांचा आवाज.]