सादळलेल्या कागदाची करामत

पापलेट घ्यायला गेलेलं माणूस आधी कल्ला उचलून बघतं. आतून लाल दिसला, तर पुढचं बोलणं. पण प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या तुकड्याला कल्ला कुठला? वासही बाहेर येत नाही. उरते पाकिटावरची तारीख. ती आधीच छापलेली. वाटेत बर्फ वितळला, हे तिच्या गावीही नसतं.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात संशोधक फिरात ग्युदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये यावर एक संवेदक, म्हणजे सेन्सर, मांडला. तो चक्क कागदाचा होता.

पावसाळ्यात वर्तमानपत्र सादळतं, तेव्हा आपण वैतागतो. पण कोरडा वाटणारा कागदही हवेतली ओल धरून असतो. ती ओल डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी करामत तिचीच आहे. मासा नासू लागला की जिवाणूंमुळे अमोनिया आणि ट्रायमिथाइलअमाइन हे वायू सुटतात. दुसऱ्याचं नाव बोजड, पण वास ओळखीचा: शिळ्या मासळीचा. आपण मासळीला कोकमाचं आगळ चोळतो, ते आंबट या वायूला जखडून ठेवतं आणि वास कमी होतो. हे वायू पाण्यात चटकन विरघळतात. कागदातल्या ओलीत उतरले की त्यांच्यापासून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बनतात आणि कागदातून वीज थोडी जास्त वाहते. मोजायचा तो एवढाच फरक.

विजेसाठी कागदावर कार्बनच्या शाईने रेघा ओढल्या, त्याही बॉलपेनने. पेन फक्त यंत्राच्या हातात होतं. एकेकाचा खर्च सुमारे २ अमेरिकी सेंट, म्हणजे तेव्हाचा दीडेक रुपया. दमट हवेत वायूचे बरेचसे संवेदक गडबडतात. याला तर ओलच हवी. पाकिटबंद मासे आणि कोंबडीवर त्याची चाचणी झाली. सोबत एनएफसी टॅग, म्हणजे जवळच्या मोबाइलला बिनतारी माहिती देणारी चिप, जोडला, की मोबाइल जवळ नेऊन निकाल वाचता येतो.

एक गोष्ट मात्र आहे. नेमका कोणता वायू आला, हे एकटा कागद सांगत नाही. पाण्यात विरघळणारं काहीतरी वाढलंय, एवढंच त्याला कळतं. बंद पाकिटात तेवढं पुरतं.

याच ओलीचा दुसरा उपयोग त्याआधीचा, २०१६ चा. ग्युदर तेव्हा हार्वर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटासोबत होते. त्यांनी असाच कागद मास्कमध्ये बसवला. उच्छ्वासाची हवा दमट. श्वास सोडला की कागद ओलावतो, विजेचा आलेख वर जातो. घेतला की सुकतो, आलेख खाली येतो. वर, खाली. मिनिटाला किती, ते मोजायचं.