मजला चढवताना

(दृश्य: पुण्यातल्या सहकारनगरमधली एक गच्ची. पाण्याची टाकी, दोरीवर कपडे. कोपऱ्यांत गंजलेल्या सळया; काहींवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या.)

या सळया चुकून राहिलेल्या नाहीत. घर बांधलं तेव्हा पैसे तळमजल्यापुरतेच होते. म्हणून कॉलमच्या सळया हात-दीड हात वर काढून ठेवल्या, "पोरं मोठी झाली की बघू" म्हणून. शेजाऱ्यांना त्या रोज दिसत आल्या आहेत. तरी ज्या दिवशी टेम्पोतून सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, प्लेटा उतरतात, त्या दिवशी शेजारच्या काकू फाटकाशी येतात. "काय रे, काम काढलंय? बोलला नाहीस ते!" भांडणाला तोंड फुटतं ते इथे.

(दृश्य: अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना बैठी घरं.)

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले संसार वाहून गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर, पर्वती अशा भागांत जागा दिल्या गेल्या. त्यांच्या १०३ सोसायट्या झाल्या. भूखंड एका कुटुंबापुरते होते. आता त्याच घरात दोन भावांचे दोन संसार, म्हातारी आई आणि लग्नाचा नातू आहे. जवळपास फ्लॅट घ्यायचा तर भाव ऐकूनच माणूस परत येतो. गच्ची मात्र स्वतःची आहे. मजला चढवणार नाही तर करणार काय?

सगळ्याच घरांना सळया नाहीत. बरीच जुनी घरं लोड बेअरिंगची, म्हणजे भार भिंतींवर. पाचशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब नुसता चौदा-पंधरा टनांचा होतो. भिंती, फरशी, टाकी वेगळी. स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करायला कां-कूं करतो. मग तोडगा निघतो: कॉलम घराबाहेरून, भिंतीला लागून उभे करायचे. भिंतीला लागून म्हणजे साइड मार्जिनमध्ये, नियमानं बाजूला मोकळ्या सोडायच्या पट्टीत. शेजाऱ्याच्या बाजूची मोकळी जागा फूट-दीड फुटानं कमी झालेली असते आणि वरचा मजला अजून दिसायलाही लागलेला नसतो.

(दृश्य: उत्तरेकडच्या घराची भिंत. डिसेंबरमधली दुपार.)

खरं दुखणं आहे ते उन्हाचं. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण अठ्ठेचाळीस अंशांवर. दोन घरांत दहा फुटांचं अंतर धरू. दक्षिणेकडचं घर कठड्यासकट बारा फूट उंच असेल, तर त्याची सावली उत्तरेकडच्या भिंतीवर जेमतेम फूटभर चढते. तेच घर बावीस फूट झालं की सावली अकरा फुटांवर जाते. म्हणजे खिडकी गेली, दार गेलं, आजोबांची पेपर वाचायची खुर्ची गेली.

मे महिन्यात यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, कुरडया-पापड्या खडखडीत वाळतात. उन्हाळ्यात कुणी पाहणीला आलं तर तक्रारदारच कांगावखोर ठरतो.

कायद्यात याला जागा आहे, पण बेताची. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या खिडकीतून वीस वर्षं विनाखंड उजेड आणि हवा येत असेल, तर त्यावर हक्क तयार होतो. तोही सरसकट नाही, नुकसान भरीव आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेडाचा असा हक्क वहिवाटीनं मिळतच नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी वाचू शकते. अंगणातली तुळस, वाळत घातलेली धुणी, गच्चीवरून दिसणारी पर्वती, यांची दाद कुठे मागायची?

म्हणून तक्रारीचे अर्ज वाचताना गंमत वाटते. गेलंय ऊन, पण अर्जात ऊन हा शब्दच नाही. अर्जात आहे मार्जिन, पागोळ्या, ड्रेनेजचा पाइप, सोसायटीची एनओसी. महापालिकेच्या टेबलावर जे मोजता येतं तेवढंच माणूस लिहितो. एरवी पुणेकर अशा वेळी पाटी लावेल असं वाटतं, पण या भांडणात पाट्या दिसत नाहीत. दिसतात पोच घेतलेले अर्ज, तारखेवार फायलीत लावलेले.

(दृश्य: दोन घरांमधला बोळ. एका बाजूला नवे कॉलम, दुसऱ्या बाजूला पत्र्याची जुनी शेड.)

आणि अर्ज उलटतोही. पाहणीला आलेला माणूस बोळात उभा राहून दोन्हीकडे बघतो. नवे कॉलम मार्जिनमध्ये आहेत, खरंय. पण तक्रारदाराची वॉशिंग मशिन ठेवलेली शेडही मार्जिनमध्येच आहे. नगररचना कायद्याच्या कलम ५३ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढण्याची, नोटीस मग दोन्ही घरांना लागू शकते. नोटीस आली की नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, आणि काम लटकतं. वर अर्धवट भिंती, आणि मोठा भाऊ आधीच दुसरीकडे भाड्यानं राहायला गेलेला.

नोटिशीआधी स्लॅब उरकायची युक्ती बांधकामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की मिक्सर लागतो. ऑफिस बंद, कोर्ट बंद. मंगळवारी साहेब उगवतात तेव्हा मालक नळी धरून स्लॅबला पाणी मारत असतो. ही चलाखी मला तरी महागात पडणारी वाटते. परवानगी खिशात असलेला माणूसही सुट्टीत स्लॅब टाकतो तेव्हा शेजाऱ्याच्या लेखी तो चोरच ठरतो.

२०२०च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीनं १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांचं काम सोपं केलंय. अटींत बसणारा नकाशा दिला, शुल्क भरलं, की पावती हीच परवानगी. छोट्या मालकाला हेलपाटे कमी पडतात, हे चांगलंच झालं. पण शेजाऱ्याला कळवायचा एकही टप्पा त्यात नाही.

(दृश्य: पूर्ण झालेला वरचा मजला. खिडकीला दुधी काच.)

जी भांडणं मिटतात ती बहुतेक फुटकळ वाटणाऱ्या गोष्टींवर मिटतात. बाजूची खिडकी पाच फुटांवर घ्यायची आणि काच दुधी लावायची. पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं आपल्याच अंगणात आणायचं. शेजाऱ्याच्या भिंतीला ओल आली तर प्लास्टर करून द्यायचं. हे ठरतं चहावर, कधी सोसायटीच्या अध्यक्षांसमोर, आणि हल्ली पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर.

जी मिटत नाहीत, त्यांच्या दारात आता बिल्डरचा माणूस येतोय. त्याला दोन्ही भूखंड जोडून हवे आहेत, एकट्याचा परवडत नाही. एकमेकांविरुद्ध मनाई हुकूम मागणारे एकाच करारनाम्यावर सह्या करायला बसतात. दाव्याचं काय करायचं हे वकील बघतील. सध्या वाद आहे तो दक्षिणेकडचा फ्लॅट कुणाला मिळणार याचा.