रेषा मोजू नका, बॅट ठोकून पाहा

मंडळी, आजचा विषय काश्मिरी विलोचा आहे. विलो म्हणजे ज्या झाडाच्या लाकडाची क्रिकेटची बॅट करतात ते. काश्मीरच्या बॅटीला दुय्यम का मानतात आणि त्यात तथ्य किती, हे सांगायचंय. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

दुकानात बॅट घेताना आपण काय करतो? पातं डोळ्यांसमोर धरतो आणि उभ्या रेषा मोजतो. हिच्यात बारा, तिच्यात सहाच. बारावाली चांगली, म्हणून ती महाग. पोरगं हट्ट धरतं आणि बाप खिशात हात घालतो. पण ही रेषा म्हणजे असते तरी काय? झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचं कडं. ओंडका मध्यापासून सालीकडे फोडला की तीच कडी पात्यावर उभ्या रेषा होऊन दिसतात. म्हणजे तुम्ही लाकडाची प्रत मोजत नाही, झाड किती वेगानं वाढलं ते मोजता.

हिशेब करून बघा. इंग्लंडात बॅटीचं झाड साधारण 15 ते 20 वर्षांत तोडतात. समजा झाड 16 वर्षांचं आहे आणि खोडाचा घेर 56 इंच. म्हणजे व्यास अठराच्या आसपास, त्रिज्या नऊ इंच. नऊ इंच सोळा वर्षांत, म्हणजे वर्षाला अर्ध्या इंचाहून जरा जास्त. पात्याची रुंदी नियमानं जास्तीत जास्त सव्वाचार इंच. मग रेषा सात-आठच येणार! उत्तम जमिनीत जोमानं वाढलेल्या झाडाच्या या सात-आठ रेषा, आणि आपण ती बॅट बाजूला ठेवतो. बारीक रेषांची बॅट लवकर खुलते, हे खरं. पण ती लवकर थकतेही. रुंद रेषांची बॅट सुरुवातीला थोडा वेळ मागते आणि मग टिकते. रेषा सरळ आहेत का, पात्याच्या मधल्या भागात गाठ आहे का, हे बघा. आकड्याचा नाद सोडा.

सव्वाचार इंचांचा उल्लेख आलाच आहे, तर तेही सांगतो. 1771 साली इंग्लंडात चर्ट्सीच्या सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला. समोरच्या हॅम्बल्डन क्लबच्या मंडळींनी आक्षेप घेतला, रुंदीची मर्यादा ठरली, आणि अडीचशे वर्षांनंतरही ती तीच आहे. लांबी जास्तीत जास्त 38 इंच. जाडीला मात्र 2017 पर्यंत बंधनच नव्हतं. आता कड 40 मिलिमीटर आणि एकूण जाडी 67 मिलिमीटर, त्यापुढे नाही. आणि पातं लाकडाचंच असावं असं स्पष्ट लिहून ठेवायची वेळ आली ती ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली 1979 मध्ये पर्थला अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला तेव्हा. बॉल काय सोसत होता, विचार करा!

आता मुद्द्याचं. बॅट कोरण्यानं होत नाही, दाबण्यानं होते. विलोचं लाकूड मऊ आणि हलकं. पातळ भिंतींच्या पेशी, आत हवा. तसंच्या तसं खेळायला घेतलं तर पहिल्याच षटकात बॉलच्या शिवणीचे खड्डे पडतील. म्हणून पातं जड रोलरखाली काही टन दाबानं दाबतात. वरच्या थरातल्या पेशी चेपून घट्ट कातडी तयार होते, आतला भाग स्पंजासारखा राहतो. बॉल उडतो तो या जोडीमुळे. दाब कमी पडला तर बॅट खड्डे धरते, चिरते. जास्त झाला तर ती मरते. बॉल लागतो, आवाज बद्द येतो, हाताला झिणझिण्या येतात. आणि एकदा जास्त दाबलेलं लाकूड परत मोकळं होत नाही.

पण दाबण्याच्याही आधी लाकूड वाळवणं येतं. ताजा विलो पाण्यानं जड असतो. ओंडक्याचे सुमारे 28 इंचांचे तुकडे करायचे, पाचर मारून फोडायचे. करवतीनं नाही, फोडायचेच, म्हणजे चीर रेषेच्या मागं जाते. या फाकेला धंद्यात क्लेफ्ट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना लगेच मेण लावायचं. टोकं उघडी राहिली तर पाणी तिथून भराभर निघून जातं आणि तडा आत शिरतो. मग हवेशीर थप्पी लावून महिनोन्‌महिने थांबायचं, किंवा भट्टीत वाळवायचं. ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आला की लाकूड दाबायला तयार. ओलं दाबलं तर दाब बसत नाही, नंतर सुकताना आकार बदलतो. फार कोरडं असलं तर प्रेसखालीच तडकतं.

दांडा वेताचा. वेताच्या पट्ट्या चिकटवून, मध्ये रबर किंवा कॉर्क घालून दांडा करतात. त्याचं टोक पाचरीसारखं, पात्यात त्याच मापाची खाच. पूर्वी दांडा आणि पातं एकाच लाकडाचं असायचं आणि हात बधिर व्हायचे. दांडा पात्यात बसवायचा हा पाचरीचा जोड 1880 च्या दशकात रूढ झाला. त्याचं श्रेय रिचर्डसन नावाच्या रेल्वे इंजिनिअरला देतात. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्याचा मुख्य इंजिनिअर तो. जोडात सुईएवढी फट राहिली तरी फटक्यागणिक ती वाढत जाते. दुरुस्तीला येणाऱ्या बॅटी उलटून पाहा, किती जणींचं दुखणं तिथं असतं.

आणि घरी आणल्यावर आपण काय करतो? रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणतो आणि बॅट त्यात न्हाऊ घालतो. कृपा करून असं करू नका. ते तेल रंगासाठी असतं, वर वार्निशासारखा पापुद्रा धरतं. कच्चं अळशीचं तेल घ्या. एक चमचाभर, फडक्यानं, पुढची बाजू, कडा आणि टाच, म्हणजे पात्याचं खालचं टोक. जोडाला थेंबही लागू देऊ नका. बॅट आडवी ठेवून दिवसभर थांबा. असे दोन-तीन हात. मग लाकडी मॅलेटनं ठोकणं, एकूण पाच-सहा तास, हलक्या हातानं सुरू करून हळूहळू जोर वाढवत. कडा 45 अंशांच्या कोनात ठोकून गोल करायच्या, काटकोनात कधीच नाही. टाच ठोकायचीच नाही.

मुंबईकरांना टाचेचं वेगळं सांगायला हवं. कांगा लीग 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या विकेटवर फलंदाज टाच आपटत उभा राहतो. तिथं लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, त्या पाणी ओढतात. टाच फुगते, सुकताना फाटते. रबराचं टोगार्ड चिकटवा, खेळून आल्यावर पुसा, टाच वर करून सावलीत ठेवा. उन्हात नको, गाडीच्या डिकीत तर नकोच.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलंय. पाच मिनिटं आहेत, काश्मीर त्यातच बसवतो.

अनंतनागकडे जाताना हायवेवर संगम आणि हलमुल्लाजवळ दोन्ही बाजूंना क्लेफ्टच्या थप्प्या दिसतात. तो विलो इंग्लिश विलोपेक्षा सरासरी घट्ट, जड आणि तपकिरी. लोक माती-हवेला दोष देतात. माझं म्हणणं, अर्धा दोष झाडाच्या संगोपनाचा आहे. इंग्लंडातल्या एसेक्समध्ये एकाच जातीच्या फांद्या लावतात. खोडावर फुटलेले कोंब कोवळे असतानाच हातानं खुडतात, म्हणून गाठ धरत नाही. काश्मीरमध्ये झाड कालव्याच्या काठी, मिश्र जातीचं, आणि हिवाळ्यात गुरांना पाला हवा म्हणून फांद्या छाटलेलं. प्रत्येक छाट ही पुढची गाठ. त्यात जलद पैसा देणारा पॉप्लर विलोची जागा घेतोय, कारण फळांच्या पेट्यांना आणि प्लायवुडला तो लागतो.

दुसरं म्हणजे वाळवण. अडलेला कारागीर क्लेफ्ट वर्षभर थप्पीत ठेवू शकत नाही, त्याचे पैसे अडकतात. फाळणीत सियालकोटहून आलेल्या कारखानदारांनी मेरठ-जालंधरला धंदा उभा केला. तयार बॅटीचं नाव आणि नफा बराचसा तिथं राहिला, काश्मीरनं लाकूड दिलं. नीट वाळलेला आणि नीट दाबलेला काश्मिरी विलो काय करतो ते 2021 च्या टी-20 विश्वचषकात ओमानच्या खेळाडूंनी दाखवलं. जगाच्या व्यासपीठावर ती बॅट चालली.

तेव्हा पोराला टेनिस बॉलसाठी किंवा शिकायला बॅट घेणार असाल तर काश्मिरी जरूर घ्या. दुकानदाराला विचारा, क्लेफ्ट किती महिने वाळली. कडेनं बघा, रेषा टाचेपर्यंत सरळ जातात की मध्येच कडेबाहेर निसटतात. निसटत असतील तर बॅट तिथंच चिरणार. मग दांडा दोन बोटांत सैल धरा आणि पात्यावर जुना बॉल हलकेच टाकून बघा, टाचेपासून वर सरकत. आवाज जिथं मोकळा होतो ती जागा टाचेपासून पाच-सहा इंचांवर सापडली, की घेऊन टाका.