देशमुखी आधी, देशमुख नंतर

हा बुरूज पाहा. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, बैलगाडी सहज जाईल एवढी रुंद. वऱ्हाडात अशा गढ्या गावोगाव आहेत, आणि कितीतरी गावांत त्यांची ओळख एकच : देशमुखाची गढी.

देशमुख हे मुळात आडनाव नव्हतंच, ते काम होतं. गावाचा कारभार पाटलाकडे, लिखापढी कुळकर्ण्याकडे. अशी अनेक गावं मिळून परगणा. त्याचा वसूल आणि बंदोबस्त देशमुखाकडे, हिशेब देशपांड्याकडे. वतनाची सनद पिढीजात चालायची. मोबदल्यात इनाम जमीन, वसुलातला हक्क आणि मानपान. या दिंडी दरवाजातून धान्य आत यायचं, या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरायचं. देवडीवर पहारा असायचा. अहमदनगरची निजामशाही गेली, मोगल आले, पुढे हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले आले. सनदेवरचा शिक्का बदलत गेला, वतन टिकलं. कोणतं शेत कोण वाहतो आणि त्यात काय पिकतं, हे दरबाराला नाही, देशमुखाला ठाऊक असे.

म्हणूनच या आडनावाला एक जात नाही. मराठा, कुणबी, ब्राह्मण, कायस्थ, मुसलमान; वतन ज्याच्याकडे, तो देशमुख. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे शिधये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कोकणातले. नानाजी देशमुख हिंगोलीकडच्या कडोळीचे.

इंग्रजी अंमलात वसूल सरकारी कचेरीत गेला, स्वातंत्र्यानंतर वतनं कायद्यानं संपली. गढीची माती आता घरांच्या धाब्यावर टाकायला जाते. निदान पेव, देवडी, दरवाजा यांची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीनं आत्ताच करून ठेवायला हवी.

आता हे शिवार. अमरावती जिल्ह्यातलं पापळ. इथं १८९८ साली शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मले. घराण्याचं मूळ आडनाव कदम. ज्या नावानं शेतकऱ्याकडून वसूल घेतला, तेच नाव लावणारा हा माणूस शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला, आणि आम्हा वऱ्हाडकरांना देशमुख म्हटलं की आधी तेच आठवतात. ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, परत येऊन अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढले. श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, बहुजनांच्या पोरांसाठी शाळा उघडल्या. १९५२ ते १९६२ देशाचं कृषिखातं त्यांच्याकडे होतं. कपाशीचे हे प्लॉट अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे आहेत; १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.