शाश्वत व्यवसायाची निवड आणि जोखमीचा वाटा

मित्रहो, शाश्वत व्यवसायाची प्रारूपे किती प्रकारची असतात, याच्या याद्या व्यवस्थापनशास्त्रात पुष्कळ आहेत. संशोधक नॅन्सी बॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेली आठ प्रकारांची वर्गवारी त्यांत विशेष परिचित आहे. ऊर्जा आणि कच्चा माल कमी वापरणे, टाकाऊतून मूल्य निर्माण करणे, वस्तू विकण्याऐवजी तिचा उपयोग पुरवणे, इथपासून ग्राहकाला गरजेपुरतेच घ्यायला प्रवृत्त करण्यापर्यंत तिचा पल्ला जातो. ही वर्गवारी उपयोगाची आहे. परंतु आपल्या नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापकाचे तेवढ्याने भागत नाही, कारण तीत मार्ग कळतात, पण त्या मार्गावरचा खर्च आणि जोखीम कोणी उचलायची हे कळत नाही. माझ्या मते निवडीचा खरा निकष तोच आहे.

वस्तूऐवजी उपयोग विकण्याचा प्रकार घ्या. विमानाच्या इंजिनांसाठी ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ साली उड्डाणाच्या तासांवर आकारणी करण्याची पद्धत आणली आणि पुढे रोल्स-रॉइसने ती नावारूपाला आणली. इंजिन बंद पडले तर नुकसान उत्पादकाचे, म्हणून ते टिकाऊ बनवण्यात त्याचाच स्वार्थ, असे हे गणित आहे. आपल्याकडे कॉम्प्रेसर विकण्याऐवजी दाबाखालची हवा मोजून विकता येईल आणि त्यामुळे हवेची गळती थांबवणे ही पुरवठादाराचीच गरज होईल. मात्र यंत्र विकून एकरकमी मिळणारे पैसे आता काही वर्षांत विभागून येतात आणि तेवढे भांडवल अडकून राहते. ज्या लघुउद्योजकाची कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाची, मर्यादा आधीच संपत आली आहे, त्याने हे प्रारूप केवळ पर्यावरणाला चांगले म्हणून स्वीकारू नये. बँक किंवा ग्राहक यांच्यापैकी कोणी त्या भांडवलाचा भार वाटून घेणार असेल, तरच स्वीकारावे.

जोखमीच्या वाटणीचा धडा आपल्या नाशिक जिल्ह्याला द्राक्षाने दिला आहे. शिवार सौद्यात व्यापारी बागेतून माल उचलतो, पैसे मागाहून येतात, कधी येतच नाहीत, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून औषधे, मजुरी व अवकाळी पाऊस सोसलेल्या शेतकऱ्याच्या हाती दाद मागण्यासाठी चिठ्ठीसुद्धा नसते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हाही मोठा फटका बागायतदारालाच बसला. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यातील मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ती शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी आहे. औषध फवारणीच्या नोंदी, अवशेषांची तपासणी, शीतगृह आणि निर्यात ही सारी साखळी ज्यांची बाग आहे त्यांच्याच संस्थेकडे आल्यामुळे निर्यातीचा नफा आणि माल नाकारला जाण्याची जोखीम एकाच घरात आली. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाल्यामुळे हे शक्य झाले. पण कायदा पुरेसा नसतो. सभासदांना काटेकोर नोंदी ठेवायला लावणे आणि बाजारात चार पैसे जास्त मिळत असतानाही माल संस्थेलाच द्यायला राजी करणे, हे काम व्यवस्थापकालाच वर्षानुवर्षे करावे लागते. नोंदणी होऊनही ज्या उत्पादक कंपन्या कागदावरच राहतात, त्या बहुधा इथेच कमी पडतात.

टाकाऊतून मूल्य निर्माण करण्याविषयी थोडेच बोलतो. डेन्मार्कमधील कालुंडबोर येथे शेजारचे कारखाने १९७० च्या दशकापासून एकमेकांची वाफ, पाणी आणि उपपदार्थ वापरतात. शेजाऱ्याचा टाकाऊ माल हा ज्याचा कच्चा माल असेल, त्याने एवढे लक्षात ठेवावे की शेजाऱ्याची कार्यक्षमता वाढली की आपला पुरवठा आटतो.

आता मोठ्या कंपन्यांविषयी. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक झाले आणि त्यांच्या प्रश्नावल्या इथल्या सुटे भाग बनवणाऱ्यांपर्यंत येऊ लागल्या आहेत. विजेचा हिशेब द्या, सांडपाण्याचा द्या, सौर पॅनेल बसवा, असा आग्रह होतो आणि दर मात्र जुनाच राहतो. ही शाश्वतता नव्हे, खर्च खाली ढकलणे आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. एप्रिल २०२३ नंतरच्या व्यवहारांत ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. म्हणून मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात बसलेल्या व्यवस्थापकांना माझे सांगणे आहे की पुरवठादाराला प्रश्नावली पाठवण्यापूर्वी त्याची थकलेली बिले काढावीत आणि त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या सुधारणेचा खर्च खरेदीच्या दरात धरावा.