गोवर काय पुसून जातो

(बडोदा, दांडिया बाजार. वाड्याचा ओटा, सकाळ.)

बुधवार, ममता दिवस: गुजरातेत मुलांना लस द्यायचा वार. ओट्यावर निळी पेटी उघडते. कडेनं आइसपॅक, मधोमध गोवर-रुबेलाची बाटली. जवळून बघा. आत पाणी नाही, तळाशी कोरडी वडी आहे. झाकणावर वर्तुळ, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे लस उष्णतेनं बाद झालेली नाही. सिस्टर सोबतचं थंड पाणी आत सोडतात, बाटली हलकेच फिरवतात, लेबलवर वेळ लिहितात: १०.२०. इथून ४ तास, मग उरलेली लस टाकून द्यायची.

(झोपाळ्यावर आजी.)

आजी सांगतात, "आम्हा पाची भावंडांना आला होता. अंगावर उमटला, आठवड्यात गेला." शेजारचे गुजराती त्याला ओरी म्हणतात. समज दोन्ही घरांत एकच: येऊन गेला की पोर सुटलं.

(सूक्ष्मदर्शकाखाली पेशी.)

पूर्वी भेटलेल्या जंतूंची ओळख रक्तातल्या स्मृतिपेशी धरून ठेवतात. त्यांच्यावर स्लॅम नावाचं प्रथिन असतं. गोवराचा विषाणू नेमका त्यालाच धरून आत शिरतो. पुरळ मावळतं, पेशींची संख्याही भरून येते, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण नव्या भरतीतल्या बहुतेकांना एकच शत्रू ठाऊक: गोवर. स्वतःची आठवण तो जन्मभराची ठेवतो, इतरांची पुसतो.

शंका जुनीच. १९०८ साली व्हिएन्नात डॉक्टर फॉन पिर्के यांना दिसलं की क्षयाची त्वचाचाचणी गोवराच्या दिवसांत उमटेनाशी होते. मोजमाप यायला मात्र २०१९ उजाडलं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं. आधीच्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे जंतूंना ओळखून धरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी, ११ ते ७३ टक्के गायब. लस घेतलेल्या मुलांत अशी घट नव्हती.

पुढची २-३ वर्षं इतर संसर्गांचा धोका वाढलेला. क्वचित, ७-१० वर्षांनी, मेंदूचा असाध्य आजार.

(पुन्हा ओटा.)

पहिला डोस ९ महिने भरले की, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिल्याला गर्दी होते. दुसऱ्यापर्यंत मूल पळायला लागलेलं असतं, आणि "पुढच्या बुधवारी बघू" म्हणता म्हणता राहून जातं. आजींचा नातू दीड वर्षाचा. उजवा दंड.

(निवेदन थांबतं. रडणं.)

२.२०. बाटलीत दोन डोस शिल्लक. सिस्टर घड्याळ बघतात, यादीतल्या दोन नावांवर बोट ठेवतात, दाराकडे एकदा पाहतात आणि बाटली बाजूला काढतात.