माउलिकानचा शब्द

(पडद्यावर: मुसळधार पाऊस, चिखलात रुतलेले खूर)

15 मे 1629. दक्षिण चिली. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड. लास कांग्रेहेरासच्या माळावर स्पॅनिश पायदळ उभं आहे आणि पाऊस समोरून, वाऱ्यासकट अंगावर येतोय. दारू भिजली, वाती विझल्या, बंदुका नुसत्या हातात. समोरून आठशेच्या वर मापुचे, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, चालून आले. थोड्याच वेळात शंभरेक स्पॅनिश शिपाई एकतर मेले, नाहीतर पकडले गेले.

पकडलेल्यांत विशी-बाविशीचा एक कॅप्टन होता. फ्रान्सिस्को नुन्येस दे पिनेदा इ बास्कुन्यान. चिलीतच जन्मलेला, जेझुइट पाद्र्यांकडे लॅटिन शिकलेला. त्याला जागीच संपवायचं चाललं होतं, तेवढ्यात कळलं की हा अल्वारोचा मुलगा.

अल्वारो म्हणजे सरहद्दीवरचा जुना सेनानी. मापुचेंशी आयुष्यभर लढला, पण हाती लागलेल्यांशी माणुसकीने वागला, असा त्याचा लौकिक. म्हणून मापुचेंचा नेता लिएंतुर स्वतः मध्ये पडला. पोरगा वाचला, आणि ज्याने त्याला पकडलं होतं त्या माउलिकान नावाच्या सरदाराच्या वाट्याला आला.

(पडद्यावर: पूर आलेली बिओबिओ नदी)

माउलिकानच्या घरी जायची वाट बिओबिओ ओलांडून. नदीला पूर. दोघं जेमतेम पलीकडे पोचले.

पुढे रस्त्यात दुसऱ्या सरदारांनी गाठलं. त्यांना बळी हवा होता. आधी एका पकडलेल्या शिपायाला बसवलं, जमिनीत खड्डा करायला लावला. हातात काटक्या दिल्या. एकेक काटकी खड्ड्यात टाकायची आणि प्रत्येकीबरोबर स्पॅनिश फौजेतल्या एकेका शूर वीराचं नाव घ्यायचं. काटक्या संपल्या, तो खड्डा त्यालाच बुजवायला लावला, आणि मागून डोक्यात सोटा बसला. फ्रान्सिस्को शेजारीच उभा होता. आता याला द्या, अशी मागणी झाली. माउलिकानने सरळ नकार दिला नाही. आधी माझ्या लोकांना दाखवतो, मग बघू, म्हणत तो वेळ काढत राहिला. पोराला जिवंत ठेवायचा शब्द त्याने दिला होता, आणि दिलेला शब्द पाळायला कधीकधी अशी टोलवाटोलवीच लागते.

त्यानंतरचे महिने या रुकातून त्या रुकात. रुका म्हणजे गवताने शाकारलेलं मापुचे घर. कधी लपवण्यासाठी हलवलं, कधी कोणी हौसेने बोलावून नेलं. पहाटे सगळ्यांबरोबर गारठलेल्या नदीत आंघोळ. पोरांना तो त्यांच्याच भाषेत प्रार्थना शिकवायचा. माचीने, म्हणजे वैदूपण करणाऱ्या पुजाऱ्याने, रोग्यावर उपचार केले तेव्हा मात्र आपला लॅटिनवाला पुरता घाबरला; त्याला त्यात सैतानच दिसला. मुलींनी जवळीक केली आणि आपण कसे टळलो, हेही त्याने पुढे आपल्या पुस्तकात पुन्हा पुन्हा लिहून ठेवलंय. इतक्या वेळा, की शंका यावी.

पण खरी गंमत म्हाताऱ्यांच्या गप्पांत आहे. शेकोटीशी बसून ते आपली बाजू सांगतात: आमच्या बायका पळवल्या, पोरं विकली, तह केले आणि मोडले. 1608 मध्ये स्पेनच्या राजाने बंडखोर मापुचेंना गुलाम करायची रीतसर परवानगी दिली होती. माणूस पकडला की पैसा. असं युद्ध थांबावं असं कोणाला वाटेल? कैदी हे सगळं ऐकत होता.

नोव्हेंबर 1629 च्या अखेरीस, स्पॅनिशांच्या ताब्यातल्या मापुचे माणसांच्या बदल्यात, तो सुटला. बाप जिवंत होता. भेट झाली.

मग पुस्तक. तेही चाळीसेक वर्षांनी, 1673 च्या सुमारास पुरं झालेलं. नाव ‘सुखाची कैद’, आणि त्यापुढे चिलीतली युद्धं का लांबली याचा जाब. पानोपानी लॅटिन अवतरणं, उपदेश, बाहेरून येऊन खिसे भरणाऱ्या अधिकाऱ्यांवर राग. सैन्यात हयात घालवून हाती फारसं न लागलेल्या म्हाताऱ्याची ती तक्रारही आहे. वाचताना दम लागतो, खोटं कशाला बोला. पण मध्येच शेकोटी पेटते, कोणी मापुचे म्हातारा बोलू लागतो, आणि लेखक त्याला अडवत नाही.

हस्तलिखित जवळजवळ दोन शतकं तसंच राहिलं. सांतियागोत ते छापून आलं 1863 मध्ये.

(पडद्यावर: अंगोलचा जुना नकाशा)

त्याच्या आदल्याच वर्षी, 1862 च्या डिसेंबरात, स्वतंत्र चिलीच्या फौजेने बिओबिओच्या दक्षिणेला अंगोल इथे ठाणं दिलं होतं. माउलिकानच्या मुलखावरचा ताबा तिथून पुढे सरकत गेला.